पहिल्यांदाच व्यवसायासाठी कॅमेरूनला जायचे आहे. तयारी कशी करावी?

धान्ययंत्र

नमस्कार मंडळी.

धान्य दळण्याची आणि कंद किसण्याची छोटी यंत्रे तयार करण्याचा आमचा कौटुंबिक उद्योग आहे. कॅमेरूनमधील दुआला शहरातल्या दोन आयातदारांशी गेले वर्षभर ई-मेलवरून बोलणे चालू आहे आणि त्यांपैकी एकाने आता प्रत्यक्ष भेटीचे आमंत्रण पाठवले आहे. येत्या जानेवारीत दहा-बारा दिवसांसाठी एकट्याने जावे, दोघांनाही भेटावे, जमल्यास बाफुसाम परिसरातील मक्याचे बाजार पाहावेत आणि दोघांपैकी योग्य वाटेल त्याला संपूर्ण देशाचे वितरण देऊन करार करूनच परतावे, असा माझा बेत आहे.

मला फ्रेंच अजिबात येत नाही, इंग्रजी बऱ्यापैकी येते. मी शाकाहारी आहे. आफ्रिकेत यापूर्वी फक्त नैरोबीला गेलो आहे. व्हिसा, लस, पैसे किती आणि कोणत्या चलनात न्यावेत, शहरात फिरावे कसे, माल पाठवताना आणि पैसे वसूल करताना काय सांभाळावे, याबद्दल ज्यांना प्रत्यक्ष अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वुरीकाठ

एका बांधकाम साहित्याच्या कंपनीसाठी मी दुआलामध्ये सहा वर्षे राहिलो आहे, त्यामुळे जे सांगतो ते बहुतेक स्वतः केलेले किंवा डोळ्यांनी पाहिलेले आहे.

सर्वांत आधी तुमच्या बेतातील एका गोष्टीला माझी हरकत आहे आणि ती मी स्पष्टपणे नोंदवतो. पहिल्याच भेटीत संपूर्ण देशाचे वितरण कोणालाही देऊ नका. कॅमेरून हा ओहाडा या करारातील १७ देशांपैकी एक आहे. हा करार १९९३ मध्ये झाला आणि त्यातून आलेले समान व्यापारी कायदे या सर्व देशांत थेट लागू होतात. त्या कायद्यानुसार व्यापारी प्रतिनिधीशी केलेला करार तुम्ही मोडलात, तर सर्वसाधारणपणे त्याला नुकसानभरपाई देणे लागते. म्हणजे घाईत केलेली एक सही पुढे स्वतःच्याच बाजारपेठेत शिरण्यासाठी पैसे मोजायला लावू शकते. पहिली भेट माणसे, त्यांची गोदामे आणि त्यांची कागदपत्रे पाहण्यासाठी ठेवा. दोघांनाही एकेक छोटी, बिनशर्त मागणी नोंदवू द्या आणि मगच ठरवा.

आता व्हिसाबद्दल. २०२३ पासून कॅमेरूनचा व्हिसा सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन अर्ज करून मिळतो. तेथे शुल्क भरून कागदपत्रे चढवायची, मंजुरीचे पत्र ई-मेलने आले की ते छापून सोबत ठेवायचे, आणि बोटांचे ठसे व छायाचित्र देऊन प्रत्यक्ष व्हिसा तिथल्या विमानतळावर घ्यायचा. व्यवसायाच्या व्हिसासाठी तिथल्या कंपनीचे आमंत्रणपत्र लागते. ते त्यांच्या छापील पत्रकागदावर, सही-शिक्क्यासह आणि तुमच्या पासपोर्टवरील नावाशी अक्षरशः जुळणारे असावे. तुमचे नाव पासपोर्टवर वडिलांच्या नावासह असेल, तर आमंत्रणपत्रातही तसेच लिहून घ्या. वडिलांचे नाव कागदावर नसल्यामुळे माझ्या एका सहकाऱ्याला विमानतळावर दोन तास बसावे लागले होते. मंजुरीला लागणारा वेळ कमीजास्त होतो, म्हणून महिनाभर आधी अर्ज करा.

पीतज्वराची लस ही केवळ शिफारस नाही, तिच्याशिवाय देशात प्रवेशच नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते, त्यामुळे नैरोबीच्या वेळी लस घेतली असेल तर प्रमाणपत्राचे तेच पिवळे पुस्तक चालेल. मात्र ते जपून ठेवा, कारण परतताना भारतातही ते दाखवावे लागते आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते व तेथे अनेकदा आधी नाव नोंदवावे लागते, म्हणून तिकिटाच्याही आधी हे काम उरका.

चलन आहे मध्य आफ्रिकी सीएफए फ्रँक. तो युरोशी कायमचा बांधलेला आहे: १ युरो म्हणजे ६५५.९५७ फ्रँक. म्हणून रोख न्यायची तर युरोच न्या. डॉलर बदलून मिळतात, पण दरात नुकसान होते. येथे एक मोठी गफलत टाळा. आबिजान किंवा डकारकडचा पश्चिम आफ्रिकी फ्रँक नावाने आणि युरोच्या दरानेही सारखाच आहे, परंतु त्या नोटा दुआलाच्या बाजारात कोणी घेत नाही. कॅमेरूनचा फ्रँक मात्र गॅबन, चाड, काँगो प्रजासत्ताक, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि विषुववृत्तीय गिनी या देशांत चालतो. कार्ड मोठ्या हॉटेलांपुरते धरा. एटीएममध्ये व्हिसा कार्ड बहुधा चालते, मास्टरकार्ड अनेक ठिकाणी चालत नाही. सुट्ट्या पैशांची टंचाई ही रोजचीच असते. दहा हजारांची नोट पुढे केली की टॅक्सीवाला हात हलवून निघून जातो, म्हणून बँकेतून पैसे घेतानाच ५०० आणि १,००० च्या नोटा मागून घ्या. स्थानिक सिम कार्ड पासपोर्ट दाखवून मिळते आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय भाजीवालीपासून हॉटेलपर्यंत सगळीकडे वापरली जाते.

शहराची रचना सोपी आहे. बोनांजोमध्ये बँका, सरकारी कचेऱ्या आणि जहाज कंपन्या, आक्वामध्ये दुकाने आणि बरीचशी हॉटेले, बोनाप्रिसोमध्ये शांत वस्ती, आणि वुरी नदीच्या पुलापलीकडे बोनाबेरीत कारखाने व गोदामे. पहिल्या मुक्कामासाठी आक्वा किंवा बोनाप्रिसो बरे. भेट बोनाबेरीला असेल तर तासभर हाताशी ठेवून निघा, कारण पुलावरच्या गर्दीचा काही भरवसा नसतो. पिवळ्या टॅक्सी वाटेतले प्रवासी घेत जातात. रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, टॅक्सी हळू झाली की ठिकाण आणि भाडे एका दमात सांगायचे. चालकाला पटले तर तो हॉर्न वाजवतो, नाही पटले तर काही न बोलता पुढे जातो. संपूर्ण टॅक्सी स्वतःसाठी हवी असेल तर ‘देपो’ म्हणायचे. मोटारसायकल टॅक्सी, ज्यांना तिथे ‘बेन्सकिन’ म्हणतात, त्या स्वस्त आणि जलद आहेत. पण अपघात फार होतात, त्यामुळे मी त्या वापरू नका असेच सांगेन. अंधार पडल्यावर ओळखीच्या चालकालाच बोलवा.

ओळखपत्र जवळ असणे कायद्याने आवश्यक आहे आणि पोलीस ते कधीही मागू शकतात. पासपोर्ट व व्हिसाच्या पानांची प्रत तिथल्या पोलीस ठाण्यातून प्रमाणित करून घ्या, ती खिशात ठेवा आणि मूळ पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत. विमानतळ, बंदर, पूल आणि सरकारी इमारती यांची छायाचित्रे काढू नका. वुरीवरच्या पुलावरून नदीचा फोटो घेण्याचा मोह होतो, तो आवरा.

भेटीगाठींची पद्धत आपल्यापेक्षा औपचारिक आहे. खोलीत शिरल्यावर प्रत्येकाशी हस्तांदोलन करून ‘बोंजूर’ म्हणायचे, अगदी कोपऱ्यातल्या टंकलेखकाशीसुद्धा. प्रकृतीची, प्रवासाची चौकशी होईल. तिला घाईने उत्तर देऊन दरपत्रक पुढे करू नका. आणि शिक्का न्या. हे मी मुद्दाम वेगळे लिहितो आहे. माझ्या पहिल्याच महिन्यात मी एका खरेदी अधिकाऱ्याला दरपत्रक दिले. त्यांनी आकडे वाचण्याआधी शेवटचे पान उलटले, सहीवरून अंगठा फिरवला, कागद पुन्हा सुलटा केला आणि मला परत दिला. सही होती, शिक्का नव्हता, आणि शिक्क्याविना तो कागद त्यांच्या लेखी अपुरा होता. तुमच्या कंपनीचा गोल शिक्का आणि शाईची पेटी पिशवीत असू द्या, आणि दरपत्रक, माहितीपत्रक, तांत्रिक तपशील हे सारे फ्रेंचमध्येही तयार ठेवा. देशाच्या दोन अधिकृत भाषा फ्रेंच आणि इंग्रजी असल्या, तरी दहापैकी आठ प्रांत फ्रेंच भाषक आहेत आणि दुआलाचा व्यापार फ्रेंचमध्ये चालतो. दिवसाच्या बोलीवर दुभाषा ठेवा, पण तो आयातदाराने सुचवलेला नको.

शेवटी तुमच्या यंत्राबद्दल, कारण माझ्या मते खरा विषय तोच आहे. दुआलाच्या कोणत्याही मोठ्या बाजारात गिरणीपाशी अर्धा तास उभे राहा. बायका ॲल्युमिनियमच्या परातींतून रात्रभर भिजवलेला मका, शेंगदाणे, भोपळ्याच्या जातीच्या फळाच्या सोललेल्या बिया, आले, कधी टोमॅटोसुद्धा घेऊन रांगेत उभ्या असतात. एकाच यंत्रातून हे सगळे पाठोपाठ वाटले जाते आणि मधे तांब्याभर पाणी ओतून यंत्र धुतले जाते. म्हणजे तिथे ‘गिरणी’ म्हटले की बहुतांश गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर ओले वाटणारे यंत्र येते. तुमची यंत्रे केवळ कोरड्या धान्याची असतील, तर आतला लोखंडी भाग गंजेल, जाळी बुजेल आणि दोष मात्र तुमच्या नावावर जाईल. आयातदाराला हे विचारा आणि त्याच्या उत्तरावर विसंबून न राहता गिरणीवाल्यालाही विचारा. वीज २२० व्होल्ट, ५० हर्ट्झ, त्यामुळे मोटार बदलावी लागणार नाही, पण पुरवठा खंडित होतो आणि खेड्यांत थ्री-फेज सहज मिळत नाही. डिझेल इंजिनावर चालणारा नमुना तुमच्याकडे नसेल तर तो आधी तयार करा.

मालधक्का

वुरीकाठ यांनी शहराबद्दल लिहिले आहे, मी मालाबद्दल लिहितो. निर्यातीची कागदपत्रे हेच माझे रोजचे काम आहे आणि मध्य आफ्रिकेकडे जाणाऱ्या मालात अडचणी येतात त्या बहुधा माल निघण्याआधीच पेरलेल्या असतात.

दुआला हे नदीमुखातले बंदर आहे. गाळ सतत उपसावा लागतो, मोठी जहाजे पूर्ण भाराने आत येऊ शकत नाहीत, आणि चाड व मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या समुद्रकिनारा नसलेल्या दोन देशांचा मालही मोठ्या प्रमाणात येथूनच जातो, त्यामुळे गर्दी असते. क्रिबी येथील खोल पाण्याचे बंदर २०१८ मध्ये व्यापारी वाहतुकीसाठी सुरू झाले. तेथे मोठी जहाजे थेट लागतात, पण तेथून दुआलाला यायला रस्त्याने दीडशेहून अधिक किलोमीटर आहेत. स्वस्त सागरी भाडे पाहून क्रिबी निवडले आणि पुढच्या ट्रकचा खर्च कोणाचा हे ठरवलेच नाही, असे होऊ देऊ नका. करारात बंदराचे नाव स्पष्ट लिहा.

माल जहाजावर चढण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात. पहिली म्हणजे मालाच्या मागोव्याची इलेक्ट्रॉनिक नोंद, जिला तिथे ‘बेस्क’ म्हणतात. ती कॅमेरूनच्या राष्ट्रीय मालपाठवणीदार परिषदेच्या प्रतिनिधीमार्फत काढावी लागते आणि तिचा क्रमांक बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीवर, यावा लागतो. दुसरी म्हणजे मानकांशी अनुरूपतेचे प्रमाणपत्र. अनेक प्रकारच्या मालाची तपासणी माल निघणाऱ्या देशातच, कॅमेरूनच्या मानक संस्थेने नेमलेल्या तपासणी कंपन्यांकडून करून घ्यावी लागते. तुमचे यंत्र त्या यादीत येते का, हे यंत्राच्या सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांकावरून आधीच तपासा. ही दोन्ही कागदपत्रे माल पोहोचल्यावर काढता येतील, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दंड भरावा लागतो आणि तोपर्यंत कंटेनरचे भाडे रोज चढत राहते.

आयातदार तुमच्याशी भाव का घासतो, हे कळण्यासाठी त्याचा हिशेब समजून घ्या. हाच फ्रँक वापरणाऱ्या सहा देशांच्या सेमॅक गटाचे बाह्य सीमाशुल्क समान असून ते ५, १०, २० आणि ३० टक्के अशा चार पायऱ्यांचे आहे. जीवनावश्यक वस्तू तळाशी, कच्चा माल व भांडवली यंत्रसामग्री १० टक्क्यांच्या पायरीवर आणि तयार उपभोग्य वस्तू ३० टक्क्यांवर, अशी ती ढोबळ रचना आहे. त्यावर १९.२५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. मूळ कर १७.५ टक्के आणि त्या कराच्या दहा टक्के इतका स्थानिक संस्थांचा अधिभार मिळून हा विचित्र दिसणारा आकडा तयार होतो. याशिवाय किरकोळ आकार आहेतच. तुमची किसणी ‘यंत्रसामग्री’ म्हणून १० टक्क्यांत गेली की ‘घरगुती उपकरण’ म्हणून वरच्या पायरीवर गेली, यावर गिऱ्हाइकाला पडणारी किंमत ठरते. म्हणून आयातदाराच्या सीमाशुल्क दलालाकडून वर्गीकरण लेखी मागवा आणि बीजकावर तेच वर्णन शब्दशः वापरा.

आता पैसे. या गटाच्या मध्यवर्ती बँकेचे मुख्यालय कॅमेरूनच्या राजधानीत, याउंदे येथे आहे आणि परकीय चलनाबद्दलचे तिचे कडक नियम २०१९ पासून लागू आहेत. ५० लाख फ्रँकपासून, म्हणजे सुमारे ७,६०० युरोपासून पुढच्या आयातीची नोंद आयातदाराला एका स्थानिक बँकेत करावी लागते आणि त्या नोंदीशिवाय पैसे बाहेर जात नाहीत. बँक प्रोफॉर्मा (माल पाठवण्याआधीचे) बीजक, आयात घोषणापत्र आणि पुढे माल खरोखर आल्याचे सीमाशुल्काचे कागद मागते. आधीच्या आयातीची फाइल आयातदाराने बंद केली नसेल, तर तुमचे पैसे अडकू शकतात, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. एका प्रामाणिक आयातदाराकडचे पैसे अशाच कारणाने चार महिने उशिरा आलेले मी पाहिले आहेत. त्याच्या खात्यात फ्रँक पडून होते, पण युरो मिळत नव्हते. तेव्हा दुआलात असताना आयातदाराला बरोबर घेऊन त्याच्या बँकेत जा, परकीय व्यवहार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला भेटा आणि मागच्या मालाचे पैसे पाठवायला किती आठवडे लागले, एवढाच साधा प्रश्न विचारा. त्या अर्ध्या तासात जितके कळते तितके वर्षभराच्या ई-मेलमधून कळत नाही.

पहिल्या मागणीसाठी आगाऊ रक्कम पूर्ण घ्या किंवा दुसऱ्या देशातील नामांकित बँकेने हमी जोडलेले पतपत्र (आयातदाराच्या बँकेने पैसे देण्याची दिलेली लेखी हमी) घ्या. ‘माल पोहोचल्यावर साठ दिवसांनी’ ही अट कितीही नेहमीची वाटली, तरी पहिल्या दोन मागण्यांना ती मान्य करू नये, असे माझे ठाम मत आहे. नंतर उधारी द्यायची वेळ आली तर निर्यात पतविमा काढूनच द्या.

पायवाट

मी कामानिमित्त कॅमेरूनच्या पश्चिम भागात अनेकदा गेले आहे, त्यामुळे बाफुसामचा प्रवास, आहार आणि आरोग्य याबद्दल लिहिते.

सर्वप्रथम नावांचा गोंधळ दूर करते, कारण तो धोकादायक ठरू शकतो. बाफुसाम हे ‘पश्चिम’ प्रांताचे मुख्य शहर आहे. ‘वायव्य’ आणि ‘नैर्ऋत्य’ हे दोन इंग्रजी भाषक प्रांत त्याला लागूनच आहेत आणि तेथे २०१७ पासून सशस्त्र संघर्ष चालू आहे. वायव्य प्रांतातील बामेंडा बाफुसामपासून नकाशावर जवळ दिसते, म्हणून ‘तेवढे पाहून येऊ’ असे कोणी म्हटले तरी जाऊ नका. इंग्रजी येते म्हणून बुएआ किंवा लिम्बे सोयीचे वाटेल, पण ती शहरेही नैर्ऋत्य प्रांतातच आहेत. उत्तर टोकाचा प्रांत बोको हरामच्या हल्ल्यांमुळे टाळावा. निघण्याआधी याउंदे येथील भारतीय उच्चायुक्तालयाकडे आपला प्रवासक्रम कळवून ठेवा.

बाफुसाम उंच पठारावर आहे. दुआलाच्या दमट उष्म्यातून तेथे पोहोचल्यावर रात्री स्वेटर लागतो, हे ऐकून नवल वाटेल, पण जानेवारीत तो लागतोच. महिना चांगला निवडला आहे. पाऊस नसतो, रस्ते कोरडे असतात, फक्त सहाराकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे हवेत धूळ आणि धुरकटपणा असतो. मक्याचा व्यापार पाहायचा असेल तर बाफुसामबरोबरच फुंबो या गावाचा बाजार पाहा. तो शेतमालाचा मोठा बाजार आहे. वाहन चालकासह भाड्याने घ्या आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचा. हा नियम दुआला ते याउंदे या सुमारे २४० किलोमीटरच्या रस्त्यालाही लागू आहे. त्या रस्त्यावर लाकडाचे ओंडके नेणारे ट्रक, भरधाव बस आणि बेफिकीर ओलांडणी यांमुळे भीषण अपघात होतात. याउंदेला काम असेल तर पहाटे निघावे.

वाटेत पोलीस आणि जांदार्मरी या निमलष्करी दलाची तपासणी नाकी लागतात. पासपोर्टची प्रमाणित प्रत आणि पिवळे पुस्तक एकाच पाकिटात ठेवा, शांतपणे दाखवा. कोणी दंड मागितला तर सरकारी पावती मागा. आवाज न चढवता तेच वाक्य पुन्हा म्हणत राहिले की बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटते.

शाकाहाराबद्दल चिंता करू नका, पण शब्द नेमके वापरा. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर मासे येतात, कारण तिथे मासे मांसात मोजत नाहीत. मी पहिल्यांदा एन्दोले ही त्यांची प्रसिद्ध पालेभाजी मांसाशिवाय मागितली. पाने आणि शेंगदाणे यांची ती दाट भाजी दिसायला अगदी आपली वाटली, आणि पहिल्याच घासाला दाताखाली वाळलेली कोळंबी आली. म्हणून ‘मांस नको, मासे नकोत, कोळंबी नको’ हे तिन्ही शब्द फ्रेंचमध्ये कागदावर लिहून घ्या: ‘नी व्यांद, नी प्वासाँ, नी एक्रव्हिस’. रश्शात आणि भाजीत मसाल्याची, मांसाचा अर्क असू शकणारी वडी टाकण्याची पद्धत सार्वत्रिक आहे, त्यामुळे काटेकोर असाल तर साध्या पदार्थांवर राहा. तळलेली किंवा भाजलेली पिकली केळी, उकडलेला याम हा कंद, मोठमोठे ॲव्होकॅडो, पपई, अननस आणि सकाळी रस्त्यावर मिळणारे गरम ‘बेन्ये-आरिको’, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे आणि शिजवलेले घेवडे. पोट भरते. घेवडा कशात शिजवला आहे ते मात्र विचारा.

हिवतापाला अजिबात कमी लेखू नका. तो वर्षभर असतो आणि तिथला प्रकार जिवावर बेतणारा आहे. आपल्याकडे हिवताप होऊन गेला आहे म्हणून शरीराला सवय आहे, हा गैरसमज मी कितीतरी जणांच्या तोंडी ऐकला आहे. डॉक्टरांचा सल्ला घेऊन प्रतिबंधक गोळ्या घ्या आणि परतल्यानंतर सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या पूर्ण करा. संध्याकाळी लांब बाह्यांचे कपडे, झोपताना मच्छरदाणी. परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना ‘मी कॅमेरूनला गेलो होतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. पाणी सीलबंद बाटलीतलेच प्या.

धान्ययंत्र

आपण तिघांनी इतका वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभारी आहे. संपूर्ण वितरणाचा करार करण्याचा विचार मी सोडला आहे. ओल्या वाटणाबद्दल मला कल्पनाच नव्हती. आमच्या एका नमुन्यात स्टेनलेस स्टीलचे पाते बसवता येते, त्याची चाचणी आम्ही भिजवलेल्या मक्यावर सुरू केली आहे.

आणखी दोन शंका आहेत. एक लहान यंत्र नमुना म्हणून विमानाने सामानातून न्यावे का? आणि दुसरी अधिक गंभीर. गेल्या आठवड्यात याउंदेमधील एका गृहस्थांचा ई-मेल आला आहे. एका मंत्रालयाला आमच्यासारखी चारशे यंत्रे घ्यायची असून निविदा आमच्या नावाने जवळजवळ मंजूर झाली आहे, मात्र पुरवठादार म्हणून नोंदणी करण्यासाठी काही शुल्क एका वकिलाच्या खात्यावर आधी पाठवावे, असे त्यात म्हटले आहे. सोबत सरकारी मुद्रा असलेले पत्र आहे. जानेवारीत जाणारच आहे, तर यांनाही भेटावे का?

वुरीकाठ

भेटू नका, उत्तरही देऊ नका आणि एक पैसाही पाठवू नका. ही फसवणूक आहे, आणि ती इतकी जुनी आहे की शुल्क, वकील आणि चारशे नग हे तिन्ही तपशील मी वेगवेगळ्या पत्रांत अनेकदा वाचले आहेत. कॅमेरूनमध्ये सार्वजनिक खरेदीसाठी नियामक संस्था आहे, निविदा जाहीरपणे प्रसिद्ध होतात, आणि निविदेची कागदपत्रे विकत घ्यायची रक्कम सरकारी कोषागारात भरून त्याची पावती मिळते. खाजगी खात्यावर भरायचे शुल्क आणि न भरलेल्या निविदेची मंजुरी, या दोन्ही गोष्टी तिथल्या कायद्यात बसत नाहीत. पत्रावरची मुद्रा पाहून गोंधळू नका, ती कोणालाही छापता येते. लाकूड, काजू आणि भंगार यांच्या अतिस्वस्त विक्रीचे प्रस्तावही याच मार्गाने येतात.

हीच कसोटी तुमच्या दोन्ही आयातदारांना लावा. दोघांकडे व्यापार नोंदणी क्रमांक आणि कर ओळख क्रमांक मागा. व्यापार नोंदणी क्रमांकात शहराची अक्षरे, नोंदणीचे वर्ष आणि पुढे एक अक्षर असते. ‘ए’ म्हणजे एकट्या व्यक्तीचा व्यवसाय, ‘बी’ म्हणजे कंपनी. जो स्वतःला मोठी कंपनी म्हणवतो पण ज्याच्या क्रमांकात ‘ए’ आहे, त्याला त्याचे कारण विचारायला हवे. तो माणूस खोटाच असेल असे नाही, पण उधारी द्यायची असेल तर कंपनीला दिली की व्यक्तीला, हे तुम्हाला ठाऊक असले पाहिजे. नोंदणीची प्रत न्यायालयाच्या कार्यालयातून पडताळता येते. दुआलातील एखाद्या वकिलाला योग्य शुल्क देऊन हे काम तुम्ही पोहोचण्याआधीच करून घ्या.

नमुना यंत्र सामानातून नेऊ नका. विमानतळावर ते व्यापारी माल ठरते, त्याचे मूल्य ठरवण्यावरून वाद होतो, आणि परवानाधारक सीमाशुल्क दलालाशिवाय ते सुटणे कठीण असते. ज्या दिवशी तुम्ही ताजेतवाने होऊन भेटीला जायला हवे, तो दिवस मालविभागाच्या खिडकीपुढे जातो. त्याऐवजी पाते, जाळी आणि दळलेल्या पिठाचे बारीक-भरड नमुने दाखवणारे फोटो न्या, आणि भिजवलेला मका वाटतानाचे चलचित्र मोबाइलमध्ये ठेवा. त्यात यंत्र उघडून धुताना किती वेळ लागतो तेही दिसू द्या. बाजारातल्या गिरणीवाल्याला मी ओळखतो. तो आधी तेच विचारेल.

मालधक्का

नमुना पाठवायचाच असेल तर तो आयातदाराच्या नावाने, खऱ्या किमतीच्या बीजकासह, त्याच्या दलालाला आधी कळवून हवाई मालवाहतुकीने पाठवा. ‘नमुना, व्यापारी मूल्य नाही’ असे लिहून एक युरो किंमत दाखवू नका, कारण सीमाशुल्क अधिकारी स्वतःचे मूल्य लावतात आणि तोच आकडा पुढच्या कंटेनरच्या वेळी तुमच्यासमोर ठेवला जाऊ शकतो.